चौथं शील आणि डावा कान

आमच्या वस्तीत ग्रंथवाचनासाठी माझी निवड झाली ती माझ्या वाणीमुळे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं कारण फार साधं होतं. आधी वाचणाऱ्या बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि माझ्या वयाच्या बाकी पोरांना संध्याकाळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पाळी असायची. मी ऑफिसातला माणूस, दिवेलागणीला घरी हजर. शिवाय सातवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेलो. गल्लीतली लहान पोरं गुजराती शाळेत जायची, मराठी जोडाक्षर आलं की त्यांना ठेच लागायची. तेव्हा उरलो मी. पण उरलेल्या माणसाला आपण निवडलेले आहोत असं वाटायला फारसा वेळ लागत नाही.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. बाबा रेल्वेत गँगमन म्हणून सुरतेत उधन्याला आले आणि मग गोडादऱ्यात एक खोली, पुढे आणखी एक खोली करत इथलेच झाले. मी सांगतोय ती नव्वदनंतरची वर्षं. घरोघरी नुकतं केबल आलं होतं आणि चारी बाजूंनी लूमची खडखड होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छताची एक खोली, तेच आमचं विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासभर, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा. म्हातारे पुढे, बायका भिंतीला टेकून, पोरं दारात चपलांशेजारी. मध्ये पाटावर ग्रंथ, ग्रंथापुढे मेणबत्ती, वर पंखा. पंखा लावला की मेणबत्ती विझायची आणि मेणबत्ती ठेवली तर वाचणारा घामाने निथळायचा. मी नेहमी मेणबत्ती ठेवायला सांगायचो, कारण घामाने चेहऱ्यावर तेज येतं अशी माझी समजूत होती.

पहिल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे पंचशीलाचा भाग वाचला जायचा आणि त्यानंतर ज्याला त्याला वर्षावासापुरता एखादा संकल्प सोडायची मुभा असायची. कोणी गुटखा सोडायचं, कोणी मटण. एका काकांनी त्या वर्षी सिनेमा सोडला, जो ते तसेही बघत नव्हते. मला असलं किरकोळ काही करायचं नव्हतं. मी वाचत वाचत चौथ्या शीलापर्यंत आलो. खोटं बोलण्यापासून दूर राहावं, एवढं वाचलं आणि मला एकदम भरून आलं. सगळ्यांचे संकल्प वाचन संपल्यावर व्हायचे, पण मी मध्येच ग्रंथात बोट ठेवलं, मान वर केली आणि जाहीर केलं की हा वर्षावास संपेपर्यंत मी एकही खोटा शब्द बोलणार नाही.

खोलीत शांतता पसरली. मी ती आदराची समजलो. मग पुढे बसलेल्या बाबांनी विचारलं, "हे तं आपण रोजच म्हनतो वंदनेत. मंग आजलोक तू काय करत व्हता?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसू विरेपर्यंत धीरोदात्तपणे थांबलो आणि उरलेला भाग वाचून काढला. त्यात वाणीबद्दल आणखी बरंच काही होतं. पण मी वाचताना माझ्या संकल्पाची बातमी गल्लीत कुठवर पोहोचेल याचा विचार करत होतो, त्यामुळे आवाज उत्तम लागला एवढंच आठवतं.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात लक्षात आली. पांडेसराच्या एका डाईंग मिलमध्ये मी फोनवर बसायचो. रिंग रोडवरच्या मार्केटातले व्यापारी कोरं कापड पाठवायचे, आमच्याकडे ते रंगून, छापून परत जायचं, आणि कधीच वेळेवर जायचं नाही. मग ते फोन करायचे. त्यांना उत्तर देणं हे माझं काम. नीट सांगायचं तर "टेम्पो निघाला" असं म्हणणं हे माझं काम. कापड अजून रंगाच्या टाकीत गटांगळ्या खात असायचं आणि मी अगदी लगबगीच्या आवाजात सांगायचो, "टेम्पो नीकळी गयो छे, शेठ." तासाभराने पुन्हा फोन आला की टेम्पो पुलावर अडकलेला असायचा. त्यानंतर आला की टायर पंक्चर. माझ्या त्या न निघालेल्या टेम्पोइतकी पंक्चरं सुरतेत दुसऱ्या कुठल्या गाडीची झाली नसतील. आणि हे सगळं मी चांगलं करायचो, याचा मला अभिमानही होता.

त्या सकाळी पहिलाच फोन आला तो एका जुन्या व्यापाऱ्याचा. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की तुमचा माल अजून टाकीत आहे आणि आज काही येत नाही. मग त्याने काळजीच्या सुरात विचारलं, "तुं नवो छे?" मी नवीन नाही, जुनाच आहे, हे ऐकून त्याने फोन ठेवला आणि सरळ मालकांना लावला.

असे चार दोन दिवस गेल्यावर मिलच्या शेठनी मला आत बोलावलं. ते रागावले नाहीत. ते फक्त दमलेले दिसले. मी त्यांना वर्षावास, संकल्प, चौथं शील, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "साचुं बोलवुं होय तो घरे जईने बोल. अहीं धंधो करवानो छे." आणि माझी बदली फोल्डिंगला झाली. तिथे दिवसभर कापडाचे तागे घडी होऊन पुढे सरकायचे आणि कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

मी स्वतःला हुतात्मा समजू लागलो आणि शेठचं बोलणं अक्षरशः मनावर घेतलं. खरं बोलायचं असेल तर घरी जाऊन बोल म्हणाले ना, मग घरीच. दिवसभर ताग्यांपुढे तुंबलेलं माझं सत्य संध्याकाळी घरी येऊन वाहू लागलं. आमटी खारट झाली की मी ते आईला सांगायचो, आणि खारट नसली तर काल होती याची आठवण करून द्यायचो. शेजारणीने नातवाला मांडीवर आणून दाखवलं तेव्हा तो बापासारखा नाही, आजोबांसारखा दिसतो असं मी म्हणालो, आणि आजोबा कसे दिसायचे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सिनेमा सोडलेल्या काकांना मी विचारलं की तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता. लोक मला बघून घरात शिरायला लागले. सत्याचा दराराच असतो, असं मी विहारातून परत येताना बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, "अंधारात पाय पाहून टाक."

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी तिच्यावर येऊन आदळलं. ती माझ्याहून धाकटी. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचा डावा कान गेला. उजवा शाबूत होता. या गोष्टीचा तिने कधी बाऊ केला नाही. उलट आमच्या गल्लीत लूमच्या खडखडीत गाढ झोपू शकणारी ती एकटी होती. उजवा कान उशीत खुपसला की तिच्यापुरती सगळी सुरत बंद. कोणी नको ते बोलायला लागलं की मान वळवून डावा कान पुढे करायची आणि छान हसत राहायची. माझ्या प्रवचनांना त्या वर्षावासात कायम तिचा डावा कानच वाट्याला आला.

ती घरी बसून मार्केटातून आलेल्या साड्यांवर टिकल्या टाचायची. लग्न करायचं तिच्या मनात होतं आणि ती ते उघड म्हणायची. आपलं घर, आपली चूल, आणि या टिकल्यांपासून सुटका, एवढंच तिला पाहिजे होतं. पण स्थळं यायची थांबली होती. "पोरगी बहिरी आहे" एवढी अर्धी बातमी नातलगांत फिरली होती आणि अर्ध्या बातमीवरच लोक परस्पर नकार कळवायचे. म्हणून आईने ठरवलं की आधी काही सांगायचंच नाही. "एकडाव पोरीले पाहू द्या, तिच्याशी बोलू द्या. मंग सांगू," असं ती म्हणायची. फसवायचं तिच्या मनात नव्हतं. माणसांनी कानाच्या आधी पोरीला बघावं एवढीच तिची इच्छा होती.

श्रावण सरता सरता जळगावहून एक स्थळ आलं. आईने खोलीची रचना केली. खिडकीशी बहिणीसाठी स्टूल. स्टुलाच्या डाव्या हाताला आमची मोठी लोखंडी पेटी, आणि पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्यांची चळत, कोणी चुकूनही तिथे बसू नये म्हणून. पाहुण्यांच्या खुर्च्या सगळ्या उजवीकडे. मग आई माझ्याकडे वळली. "तू काही बोलू नको," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, कोणी विचारलं नाही तर बोलणार नाही. मला वाटलं मी केवढी सवलत दिली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, आणि एक मामा. असे मामा प्रत्येक स्थळाबरोबर येतात आणि कशाला येतात ते कोणाला माहीत नसतं. बहीण पाणी देऊन स्टुलावर बसली. पोहे अजून आत स्टोव्हवर होते. मामांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मुलीची तब्येत वगैरे ठीक?"

"एकदम चांगली," आई म्हणाली.

"डावा कान सोडून," मी म्हणालो.

मला आजही तो आवाज आठवतो, माझाच. स्वच्छ, खणखणीत, वाचनाला लागायचा तसा. कोणी मला विचारलेलं नव्हतं. मामांनी आईला विचारलं होतं. पण खोटं माझ्यासमोर होत असताना गप्प राहणं हेही खोटंच, असा सिद्धान्त मी त्या आठवड्यात फोल्डिंग खात्यात उभा राहून तयार केला होता. बहिणीने माझ्याकडे बघितलं आणि मग हातातल्या ट्रेकडे बघितलं. आत स्टोव्ह बंद करायला कोणी उठलं नाही. पोहे करपल्याचा वास आला, आणि पाहुणे न खाताच उठले, गाडीची वेळ झाली म्हणत. गाडी संध्याकाळची होती. ते मात्र मी बोललो नाही.

निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तू ज्या रोजी संकल्प सोडला, त्या रोजीचं पुढचंही वाचलं व्हतं ना? येळ पाहून बोलाव, मऊ बोलाव, दुसऱ्याचं भलं व्हईन ते बोलाव. मी ऐकलं भितीले बसून."

मी म्हणालो, ते पुढचं आहे. माझा संकल्प त्याच्या आधीच झाला होता.

आईने भाकरी तव्यावर टाकली. "पोरीचा एक कान बंद हाये," ती म्हणाली. "तुहे दोन्ही."

बहिणीने भांडण केलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण ती टिकल्या टाचत राहिली आणि मी समोर आलो की आता मान वळवेना, डावा कान पुढे करेना. सरळ बघायची, उजव्या कानाने सगळं ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटत होतं की विहारात वाचताना आवाज लागेना, आणि म्हाताऱ्यांना वाटलं मला पडसं झालंय.

वर्षावास संपायला आला तेव्हा आणखी एक स्थळ आलं. मुलगा बारडोलीच्या साखर कारखान्यात फिटर. रविवारी ते येणार होते. सकाळी आईने माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. "कामरेजले जाय. मावशीले दे," ती म्हणाली. "आन् सावकाश येजो. घाई करू नको. जेवून येजो." मावशीकडे लोणचं माझ्या माहितीप्रमाणे आमच्यापेक्षा जास्त होतं. पण मी बरणी घेतली आणि निघालो, कारण जाताजाता बहिणीचा चेहरा दिसला. तिने केसांत तेल घातलं होतं आणि हातांना टिकल्यांची चमक चिकटलेली होती ती घासून घासून काढत होती.

कामरेजच्या रस्त्यावर, बसमध्ये, बरणी मांडीवर घेऊन माझ्या डोक्यात उजेड पडला. असे उजेड माझ्या डोक्यात नेहमी चुकीच्या वेळी पडतात. मी ठरवलं की आज खोटं बोलायचं. माझं शील बहिणीसाठी मोडायचं. केवढा त्याग! इतके दिवस जपलेला संकल्प, काठाला आल्यावर बुडवायचा, आणि तोही दुसऱ्यासाठी. मला स्वतःचंच कौतुक वाटून डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईने विचारलं, लोणच्याची फोडणी लागली का.

मग मी कामाला लागलो. खोटं बोलणं हा तर माझा धंदा होता. मी मुख्य खोटं रचलं: हिला अगदी नीट ऐकू येतं, फक्त लाजते, म्हणून पहिल्या हाकेला ओ देत नाही. त्याच्या पाठीमागे पुलावर अडकलेलं खोटं, आणि त्यामागे पंक्चरचं. मावशीकडे बरणी ठेवली तेव्हा मावशी मला सोडीचना. चहा झाला की सरबत, सरबत झालं की जेवायला थांब. मला थांबवून ठेवायचा आईचा निरोप तिलाही होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी खोटंच सांगितलं की ऑफिसात काम आहे, आणि निघालो. संकल्प तसा तिथेच मोडला, पण तो मी हिशेबात धरला नाही.

मी दारात पोहोचलो तेव्हा पाहुणे बसलेले होते. मुलगा, त्याचे आईवडील. मामा नव्हता. सगळं आईच्या रचनेप्रमाणे होतं. बहीण स्टुलावर, डाव्या हाताला पेटी आणि गोधड्या, उजवीकडे अगदी जवळच्या खुर्चीत मुलगा. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते आणि बहीण हसत होती. मला बघून आईच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. बाबा म्हणाले, "आला का." मुलगा उठून उभा राहिला. मोठा भाऊ म्हणून त्याने मला आपली खुर्ची दिली. "बसा ना," तो म्हणाला.

कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, नाही नाही, तुम्ही बसा. मी बसलो.

आता त्याला जागा उरली नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, पेटीवरच्या गोधड्या जरा मागे ढकलल्या आणि कोपऱ्यावर टेकला. बहिणीच्या डाव्या हाताला, जिथे कोणी बसू नये म्हणून आईने सकाळपासून घर उलटंपालटं केलं होतं तिथे. आणि तिथून, मगाशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करावं तसं, तो हळूच म्हणाला, "मग बारडोली आवडेल का तुम्हाला?"

बहीण समोर बघत होती. तिने हातातली बशी आईकडे दिली. त्याने पुन्हा विचारलं. तिने पदर नीट केला. त्याच्या आईचा पोह्यांचा चमचा तोंडापाशी थांबला. बाबांनी डोळे मिटून घेतले. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं होतं, तिला सोडून.

माझी वेळ आली होती. मी खुर्चीतून जरा उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "ती काय आहे ना, जरा…" आणि एवढ्यात सगळ्यांच्या नजरा कुठे लागल्यात ते बहिणीने बघितलं. तिने मान वळवली. पेटीच्या कोपऱ्यावर बसलेल्या त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही काही विचारलं का?" ती म्हणाली. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहान असताना ताप आला होता, तेव्हापासून. या बाजूने विचारा."

एवढंच. आवाज चढवला नाही, खाली घेतला नाही. पाणी हवंय का विचारावं तसं बोलली. माझं सगळं खोटं, पुलावरचं, पंक्चरचं, तोंडातल्या तोंडात राहिलं.

मुलाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गोधड्यांकडे, आणि त्या तिथे कशासाठी होत्या ते त्याला कळलं असावं, कारण तो गालातल्या गालात हसला. उठला, तिच्या मागून फिरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "जरा उठता का?" मला म्हणाला.

मी उठलो. तो खुर्चीत बसला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तिच्या उजव्या कानाशी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "पाणी दोन्ही वेळा येतं का तिकडे?" त्याचे वडील मात्र गंभीर झाले होते. डॉक्टरला दाखवलं होतं का, दुसऱ्या कानाला काही होणार नाही ना, असं त्यांनी बाबांना बरंच विचारलं आणि बाबांनी जसं होतं तसं सांगितलं. मुलगा मध्येच आपल्या वडिलांना म्हणाला, "कारखाना चालू झाला की तिथे सगळे बहिरेच असतात बाबा." त्याच्या आईने पोह्यांचा चमचा तोंडात घातला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. बसायला जागा नव्हती आणि कोणी सरकलंही नाही.

कळवतो म्हणून ते गेले. "कळवतो" या शब्दाचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे आई भांडी घासत बसली. बहीण पायरीवर साडी घेऊन बसली. मी तिच्या उजवीकडे जाऊन बसलो. मी आज तुझ्यासाठी खोटं बोलणार होतो, असं तिला सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

ती टिकली टाचत म्हणाली, "त्या जळगाववाल्यांना पण मी सांगणारच होते. पोहे झाल्यावर. तू पोह्यांच्या आधीच बोललास."

"पण मी खरंच बोललो होतो."

"हो ना, खरंच होतं," ती म्हणाली. "पण माझं होतं, भाऊ. तुझं काही असेल तर ते सांग की कधीतरी."

मी बराच वेळ तिथे बसून स्वतःचं असं काही खरं शोधत होतो. आमटी आईची होती, नातू शेजारणीचा होता, सिनेमा काकांचा होता आणि कान हिचा होता. वर्षावासभर मी जे जे खरं बोललो त्यात माझं काहीच नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "मला लाज वाटते." ती म्हणाली, "वाटू दे," आणि माझ्या हातात सुई दिली. मी एक टिकली टाचली. तिने ती उसवून पुन्हा टाचली.

आठ दिवसांनी बारडोलीहून होकार आला. आई रडली. बाबा विहारात जाऊन बसले आणि बराच वेळ आले नाहीत.

दिवाळीनंतर लग्न झालं. तोवर वर्षावास संपला होता आणि मी पुन्हा फोनवर होतो, कारण माझ्या जागी बसवलेला माणूस व्यापाऱ्यांचा आवाज चढला की फोन ठेवून द्यायचा. मी आता "निघाला" म्हणायचो नाही, "उद्या" म्हणायचो. ते बहुतेक वेळा खोटंच निघायचं, पण म्हणताना मला खरं वाटायचं.

विहाराच्या अंगणातच मांडव होता. वऱ्हाड बारडोलीहून टेम्पोने आलं होतं आणि त्याच टेम्पोने परत जाणार होतं. बहीण चढली. नवरा आधी चढून तिच्या उजवीकडची जागा धरून बसला होता. पेटी चढवली, गोधड्या चढवल्या. आई विहारात होती. तिला बाहेर येऊन बघवत नव्हतं, म्हणून ती आत भिंतीला टेकून बसली होती, वाचनाला बसायची तिथेच. टेम्पोने वळण घेतलं, पुढच्या लूमच्या कारखान्याआड गेला. खडखडाटात त्याचा आवाज लगेच हरवला.

आतून आईने मला विचारलं, "निघाला का रे टेम्पो?"

जन्मभर मी हे वाक्य खोटं बोललो होतो, एका दमात, लगबगीच्या आवाजात, हव्या त्या शेठला. त्या दिवशी ते खरं होतं आणि मला ते म्हणता येईना. मी दारात उभा राहिलो. आईने पुन्हा विचारलं नाही. ती उठून बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली.